घोडा कधी खातो?

वर्षभरात एकेचाळीस पुस्तकं.
स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, तिकीट-खिडकीत,
दोन बोटींच्या मधल्या वेळात,
आणि रविवारी वृद्धाश्रमात, आईच्या खोलीत, मोठ्यानं.
वही ठेवली होती. रकाने आखले होते.
शेवटच्या रकान्यात 'ठीक' हा शब्द
इतक्यांदा लिहिला की पेन आता तो आपणहून लिहितं.

मुखपृष्ठांवर सोनेरी वर्ख, आत कथलाचा वाळा.
सहाशे पानं डोंगर पोखरल्यावर
एकदाचा ड्रॅगन निघाला,
आणि बोलायला लागला तर
थेट बँकेतल्या कर्जविभागासारखा.
घडीचा नकाशा, त्यात अकरा राज्यं,
एवढा मोठा समुद्र,
आणि एकाही किनाऱ्याला धक्का नाही.
ही माणसं उतरतात कुठे?

प्रेमकथांमधला तो नेहमी उंच,
डोळे नेहमी वादळाच्या रंगाचे.
वादळाचा रंग मला ठाऊक आहे.
तो आला की मी फळ्यावर लिहिते : 'दुपारची फेरी रद्द'
आणि बावीस माणसं माझ्यावर ओरडतात.
कुणी प्रेमात पडत नाही.

आई एक्क्याण्णव वर्षांची.
वेस्ट्रे बेटावर तिनं गाई पाळल्या,
दोन घोडे, नंतर एक ट्रॅक्टर,
ट्रॅक्टरचं तिला कधीच पटलं नाही.
मार्चमधल्या एका रविवारी, युवराज शत्रूला चुकवत
तिसऱ्या रात्री खिंडीत पोचला, तेव्हा
तिनं डोळे न उघडता विचारलं :
घोडा कधी खातो?

मी मागची पानं चाळली.
लिहिलेलं नाही गं.
'मग मेला तो. तू वाच पुढे,
पण तो मेलाय हे लक्षात ठेव.'

तिथून पुढे दोन खंड
युवराज मेलेल्या घोड्यावर बसून हिंडला.
राज्याभिषेकालाही त्याच्यावरूनच आला.
डानुटा औषधं द्यायला यायची, दारातच थांबायची,
विचारायची, अजून मेलेलाच?
मेलेलाच, आई म्हणायची.

राजकन्या अरण्यात हरवली, तेही तिला पटलं नाही.
एवढी झाडं? वारा काय करत होता?
आमच्याकडे झाड म्हणजे
वाऱ्याच्या नजरेतून सुटलेली चूक.

आणि ऑगस्टमध्ये ते गुलाबी पुस्तक,
पान एकशे अठ्ठ्याऐंशी, गवताच्या माळ्यावरचं चुंबन.
मी जरा भरभर वाचत होते.
'गवत टोचतं,' आई म्हणाली.
मी थांबले.
खिडकीबाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेला.
'तरी पण,' ती म्हणाली.

बाबांबद्दल ती माझ्याशी
एवढंच बोलली आहे.
वहीत त्या पुस्तकापुढे मी 'ठीक' लिहिलं होतं,
ते खोडलं. दुसरं काही सुचलं नाही.

नोव्हेंबरात ग्रंथालयातल्या आयलसा कर्सिटरनं
एक पुस्तक बाजूला काढून ठेवलं : हे घे, हे फसवणार नाही.
नाही फसवलं.
एकेक वाक्य घासून पुसून ठेवलेलं.
चौथ्याच पानावर घोड्याला बार्ली मिळाली,
पाणी मिळालं, खूरसुद्धा तपासले कुणीतरी.
आई हात जुळवून ऐकत राहिली, चर्चमध्ये बसल्यासारखी,
आणि अकराव्या पानावर झोपली.

आम्हाला भांडायला काही सापडेना.

मी ते एकटीनं संपवलं.
खिडकीत बसून रडलेही, कर्कवॉलच्या एका माणसाला
उरलेले पैसे जास्त परत दिले.
वहीत लिहिलं : उत्तम.
वर्षातलं एकमेव.

पुढच्या रविवारी तीन वाजताच अंधारलं.
आईनं रजई नीट केली, म्हणाली,
आपल्या त्या मेलेल्या घोड्याचं काय झालं?

चौथा खंड मागवलाय. आठशे बारा पानं.
मलपृष्ठावर ड्रॅगनला आता एक भाऊपण आहे.
शुक्रवारच्या बोटीनं येईल.
वाऱ्याचा अंदाज काही बरा नाही.