सोमवार, कास्त्रो

छातीवरच्या काळ्या पट्टीवर लिहिलंय, एल्डर टोलमन.
एल्डर म्हणजे वडीलधारा.
वय एकोणीस, मिसरूड फुटायचं म्हणतंय अजून,
आणि काल एका म्हाताऱ्या कोळ्यानं
टोपी काढून मला वाट दिली.
मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

आज सोमवार. आज दारं वाजवायची नाहीत.
सहा माझे, सहा त्याचे, बारा पांढरे शर्ट
लाँड्रीच्या काचेमागे बाहीत बाही अडकवून फिरताहेत.
चोकेवांका मोजे जोडतो. तो आरेकिपाचा,
झोपेत केचुआ बोलतो,
जागेपणी माझं स्पॅनिश दुरुस्त करतो.
नियम असा की एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही.
म्हणून तो आईशी बोलतो तेव्हा
मी भिंतीकडे तोंड करून बसतो.
त्या भिंतीला येत असेल तेवढी केचुआ मलाही येते आता :
जेवलास का. थंडी आहे का. वाळलास.

आठवड्याचा हिशेब रविवारी रात्री लिहिला.
दारं एकशे बारा. उघडली एकोणीस.
आत बोलावलं चौघांनी, त्यातल्या एकानं
कुत्रं पकडायला.

दोन्या एदुविहिस नावेल्कीन कुठल्या रकान्यात घालायची
ते कळलं नाही.
तिच्या चुलीच्या वर संत अंतोनियो, काजळीनं काळवंडलेला,
आणि तो तिला पुरतो. पहिल्याच दिवशी म्हणाली,
पोरांनो, देव आहे माझ्या घरात. माणूस नाही.
मुलगा समुद्रात, सॅमनच्या पिंजऱ्यांवर राखण करतो,
येतो तेव्हा येतो.
तर बुधवारी आम्ही टाय खिशात कोंबून तिचे बटाटे काढले.
उआलातो म्हणजे आखूड दांड्याची कुदळ,
कमरेत पार मोडून वाकावं लागतं.
चोकेवांका म्हणाला, हिशेबात लिही :
प्रार्थना, तीन तास.

ती दर वेळी कॉफी पुढे करते.
आम्हाला चालत नाही, हे ती दर वेळी विसरते
आणि तिन्ही कप स्वतःच संपवते, हळूहळू,
म्हणजे तेवढा वेळ आम्हाला बसावं लागतं.
निघताना पिशवीभर बटाटे दिले. आतून जांभळे.
ब्रुहा म्हणतात त्यांना. चेटकीण.

मग माझा फोन. आयडाहोतलं स्वयंपाकघर, थोडं तिरकं.
घरी आत्ता बेणं लावायची घाई, इथे काढणी.
आईनं रूलन म्हणून हाक मारली
आणि ओ द्यायला मला क्षणभर सुचलं नाही.
ती रडली. बहीण येऊन
कुत्रीला सात पिल्लं झाल्याचं सांगून गेली.
मग बाबा, नेहमीसारखे, हनुवटी आणि छत.
बाबा फोनवर बोलत नाहीत.
सगळं बरं ना, एवढंच, आणि ते विचारून झालं होतं.

मी कोटाच्या खिशातून चेटकीण काढली,
दातांनी फोडली, पडद्यासमोर धरली.
छत हललं. सगळा चेहरा आला,
चष्मा शोधत.
माती कशी आहे तिथली?

अकरा महिन्यांतला पहिला प्रश्न
ज्याचं उत्तर मला पाठ नव्हतं,
माहीत होतं.
काळी, म्हणालो. हाताला चिकटते.
समुद्रातलं शेवाळ वाहून आणून घालतात,
ढेकूळ फोडलं की खारट वास येतो.
निचरा?
उताराचं रान आहे.
हं. करपा पडतो का?
पडतो. या जातीवर कमी.
बेणं ती घरचंच ठेवते?
पलंगाखाली.

आई मागून म्हणत होती,
अहो, पोराला विचारा तरी, बरा आहे का तो.
तेच विचारतोय, बाबा म्हणाले.

चोकेवांका भिंतीकडे तोंड करून बसला होता,
हातात एक मोजा, जोडी न सापडलेला.