सुवास : शून्य ते तीन

तपकिरी पाकिटं, प्रत्येकात पाचशे दाणे,
वर माझ्या अक्षरात : चिन्नोर, अडीचशे ग्रे.
किरण खाऊन परत आली ती जशीच्या तशी.
ना करपली, ना हाताला ऊन लागली.
लांजेवार सर म्हणाले, त्या पेटीत आवाजसुद्धा होत नाही,
कोबाल्ट नुसता बघतो दाण्याकडे.
त्याच्या बघण्यात काय तुटतं
ते रोवणा झाल्यावर कळतं.

चिन्नोरचा दोष एकच, उंची.
छातीपर्यंत वाढतो, उशिरा निसवतो,
आणि दिवाळीच्या आगेमागे वारा सुटला
की आपला सगळा वास घेऊन चिखलात आडवा.
आम्हाला हवा होता कमरेएवढा चिन्नोर.
उंची तोडायची, वास नाही तोडायचा.
सर हे इतक्या सहज बोलायचे,
जसा न्हाव्याला सांगावा, कानावरचे तेवढे काप.

पहिल्या वर्षी अर्ध्या लोंबी पोचट.
दुसऱ्या वर्षी पऱ्ह्यात पांढरी रोपं उगवली,
दुधाच्या दातांसारखी पांढरी,
हिरवं कसं व्हायचं तेच विसरलेली.
नवव्या-दहाव्या दिवशी गेली.
मी मोजली : एकशे सोळा.
मोजणं माझं काम आहे. भिंतीपलीकडे महाराजबागेत
मोर ओरडत होता. तेही लिहिलं असतं,
पण रजिस्टरात तसा रकाना नाही.

वासाला मात्र रकाना आहे.
पान कातरायचं, काचेच्या बशीत टाकायचं,
वर पोटॅशचं पाणी, झाकण, दहा मिनिटं.
मग झाकण उचलायचं आणि नाक न्यायचं.
शून्य, एक, दोन, तीन.
वास घेणाऱ्यानं दोन दिवस खर्रा खायचा नाही,
हा सरांचा नियम. मी पाळला.
नियम पाळणं सोपं होतं.
सरांना न सांगितलेली गोष्ट वेगळी आहे :
त्या तापानंतर माझ्या नाकाला
ना फोडणी कळते, ना रॉकेल.
मी सुनयनाच्या कपाळाकडे बघायचो.
आठी हलली की दोन. डोळे मिटले की तीन.
तिच्या मागोमाग माझा आकडा.

एका संध्याकाळी ती परीक्षेला गेली.
एकतीस बशा आणि मी.
एकतीस वेळा वाकलो,
एकतीस वेळा काचेवर माझाच श्वास.
शून्य, शून्य, शून्य, खालपर्यंत,
धुऱ्यावर रांगेत बसलेल्या बगळ्यांसारखे.

कार्तिकाच्या तोंडावर फुलवंता उईके
निंदण संपवून बांधीतून वर आली.
पाय गुडघ्यापर्यंत काळे.
"बावा, त्या कोपऱ्यातल्या धानाचा
वास येऊन राहिला नं सकाळपासून.
तुम्ही काऊन नाही चिठ्ठी बांधली?"
मी म्हटलं, कोणता?
तिनं लुगड्याच्या काठाचा एक लाल दोरा ओढला,
दातानं तोडला, पुन्हा खाली उतरली
आणि एका बुंध्याला गाठ मारून आली.

दोनशे चौदा.
कमरेएवढा. आदल्या रात्रीच्या वाऱ्यात
शेजारचे सगळे झोपलेले, हा उभा.
मी लोंबीशी नाक नेलं.
थंड होती. ओठाला कुसळ टोचलं.
एवढंच.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ,
बाजूला नवा आकडा, तारीख, सही, कारण.
मी रेघ मारली.
तीन लिहिले. सही केली, ज्ञानेश्वर बोपचे.
कारणाच्या जागी पेन बराच वेळ थांबला.
वरून मेट्रो गेली, टेबलावरच्या बशा किणकिणल्या.
मग लिहिलं : फुलवंताबाईंना आला.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
"आणि तुम्हाला?"

एकेचाळीस दाणे भरले त्या लोंबीत.
पाकिटावर नंबर आहे. दोरा आतच ठेवलाय.
रोवण्याला अजून सात महिने,
आणि सर अजून उत्तराची वाट बघून राहिले.