किंचित वर

ताम्पेरेत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लावावे लागतात.
त्या उजेडात ती आली,
पायपुसण्यावर बुटांचा बर्फ नीट झटकून.
म्हणाली, मोठ्यानं बोल, आणि तोंड माझ्याकडे ठेव.
एकतीस वर्षं कागद गिरणीत होते, तीन नंबरच्या मशिनवर.
वरचे सूर तिथेच राहिले.

नाव हेल्वी रांताकोक्को. हातात जाड लिफाफा.
बोट विकली, म्हणाली, इंजिनासकट.
नवऱ्याची नव्हे, माझी.

मी पाठ केलेलं सुरू केलं:
ही एका कॉइलची, हिचा आवाज काचेसारखा, चिरत जातो.
ही दोन कॉइलची, जाड, राईच्या पावाच्या कडेसारखी.
ती माझ्या ओठांकडे बघत होती,
तराजूच्या काट्याकडे बघावं तशी.

मग भिंतीवरून हिरवी उतरवली,
वायर न लावताच
तिच्या शिंगात दात रोवले
आणि एक तार छेडली.
अहो, मी म्हणालो.
तिचे डोळे मिटलेले.

ही पोकळ बोलते.
दुसरी: ही बोलतच नाही.
तिसरी, चौथी नुसती हुंगल्यासारखी करून ठेवली.
पाचवी तपकिरी, एका वारलेल्या पोस्टमनची,
अंगठ्यानं मान झिजलेली, एक खुंटी वेगळ्याच धातूची.
तिच्यापाशी ती थांबली, तार विझेपर्यंत,
विझल्यावरही.
ही कवटीपर्यंत येते.

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर लगेच बोलत नाही,
आधी तापू द्यावा लागतो, मी सांगितलं.
मला सांगतोस? आम्ही पहाटे चारला वाफ सोडायचो,
तेव्हा कुठे सहाला कागद.
तिनं बूट काढले,
लोकरीच्या मोज्यांत फळ्यांवर उभी राहिली.
शंभर वॅटचा: हा फोरमन आहे, नुसता ओरडतो.
मग तो पंधरा वॅटचा, मागून उघडा, कापड एका कोपऱ्यात उसवलेलं.
काचेत तारा नारिंगी होत गेल्या.
मी खालचा ई वाजवला
आणि तिच्या पायाची बोटं
मोज्याच्या आत वळली.

पेडल्स मांडली. विक्रीत खरी कमाई त्यांचीच असते.
रिव्हर्ब नको, म्हणाली, घर रिकामं आहे, तिथं घुमतंच.
डिलेही नको. एकदा सांगितलेलं मला पुरतं,
नाही कळलं तर मी विचारते.
फझ दाबला तेव्हा मात्र पहिल्यांदा हसली.
हा ओळखीचा आहे!
चालत्या मशिनवर कागद फाटला की अस्साच,
आणि आम्ही सगळे तिकडे पळायचो.
फझ घेतला.

ट्यूनर फुकट देतो आम्ही. तो तिनं परत सरकवला.
माझ्या डाव्या कानात एक सूर आहे,
एक्याण्णव सालापासून, रात्रीही.
खुंटी पिळत गेली, दात लाकडावर,
एकेक तार त्या सुराच्या पंक्तीला बसवत.
मी गुपचूप ट्यूनर लावून पाहिला:
ई नाही, एफही नाही,
मधल्या फटीत कुठेतरी, लाल दिवा.
झालं, म्हणाली. आता तू वाजव.
मी वाजवलं.
ती मान डोलवत होती,
माझ्या तालावर नाही.

ओझं तिनंच उचललं. अँप्लिफायर स्लेजवर दोरीनं बांधला,
वर घोंगडी, गिटार पाठीवर,
आणि कालव्याच्या कडेनं गेली.

सहाला दुकान बंद करताना
मी नेहमीसारख्या भिंतीवरच्या सगळ्या छेडत गेलो.
सगळ्या बरोबर होत्या,
सगळ्या किंचित खाली.

हिरवीच्या शिंगावर दोन खळगे उरलेत, लाखेत, जवळजवळ.
मालक विचारेल म्हणून चिठ्ठी लावली:
चाळीस युरो कमी. चावलेली.
दिवा मालवण्याआधी
इकडेतिकडे पाहिलं
आणि त्याच खळग्यांत माझे दात बसतात का
ते बघितलं.
माझं तोंड लहान आहे.