तिसरा गिअर

केपे सोडलं की ओम्नी गुणगुणायला लागते,
तिसऱ्यात बारीक, चौथ्यात जात्यासारखी.
बाबी म्हणतो, टायरचा आवाज.
मी काहीच म्हणत नाही.
मागच्या सीटवर मुली त्याच सुरात
पाढे घोकतात.

कुडचड्याच्या इनासनं तेल काढलं, बोटांत चोळलं:
चांदीचा चुरा.
"दात झिजलेत. चालेल तोवर चालवा."

रिवणच्या चढावर
इंजिन नुसतंच ओरडत राहिलं आणि गाडी
मागे, अगदी सावकाश, मागे.
मी उडी मारून चाकाखाली चिरा लावला.
नख गेलं.

आता ती काजूच्या झाडाखाली उभी.
संध्याकाळी बाबी आत बसतो,
क्लच दाबून दांडा हलवतो,
तिसऱ्यात, चौथ्यात,
आणि धाकटी मागून
हळूच सातचा पाढा सुरू करते.