खिडकीतला एसी

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी
आम्ही खिडकीतला एसी काढतो.
हे दोन माणसांचं काम.
गेल्या वर्षापर्यंत ती दोन माणसं
श्रीरंग आणि शार्दूल असायची.
शार्दूल आता कोलंबसला, होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर.
तिथे सेंट्रल एसी आहे
असं त्याने फोनवर दोनदा सांगितलं.
म्हणून यंदा दुसरं माणूस मी.

"खालून धर. खालून!
कंबर नको, गुडघे वाकव."
बावीस वर्षांच्या संसारात
एवढ्या नेमक्या सूचना मला प्रथमच मिळतायत.

समोरच्या पोर्चवरून मिस्टर नोवाक बघतायत
कॉफीचा मग पोटावर टेकवून.
त्यांचे एसी कामगार दिनालाच उतरले,
बर्फाचं फावडंसुद्धा दाराशी उभं आहे.
टोलीडोच्या या गल्लीत
ऋतू आधी त्यांच्याकडे येतो,
चहापाणी घेतो,
मग सावकाश आमच्याकडे.

एसी तिरका झाला
आणि जूनपासून पोटात धरलेलं पाणी
त्याने माझ्या बाहीत सोडलं.
मी किंचाळले.
इरावती धावत आली, हातात ड्रमच्या काठ्या,
बघितलं, हसली,
आणि "मॉम, शुक्रवारी मॅच आहे, युनिफॉर्मची पँट आखूड झालीय" म्हणून
तशीच वर गेली.
आम्ही दोघं मधोमध
चाळीस किलोचं ओलं जनावर धरून.

ठेवलं एकदाचं.

चौकटीवर दोन वाळक्या गांधीलमाश्या,
मेपलचं एक पान, अर्धंच लाल,
आणि उजव्या फटीत, टेपखाली,
कागदाची जाड घडी.
उलगडली.
बीजगणित. नववी. शार्दूल.
वर लाल शाईत एकोणपन्नास.

त्या वर्षी तो म्हणाला होता
बाई अजून पेपर देत नाहीयेत.
मी शाळेला ईमेलसुद्धा केली होती,
चांगली खरमरीत.

म्हणजे दर सप्टेंबरात हा कागद निघत होता
आणि दर जूनमध्ये परत कोंबला जात होता.
चार वर्षं.
आणि हे दोन माणसांचं काम.

मी श्रीरंगकडे बघितलं.
तो टेपचा चिकटा नखाने खरवडत होता,
फार मन लावून.

"तुला माहीत होतं!"
मी ओरडले. रागाने असं नाही.
उन्हाळाभर आम्ही त्या घरघरीवरून
असंच ओरडून बोललोय:
भात लावलास का,
गाडीचा इन्शुरन्स,
तुझ्या बहिणीचा फोन येऊन गेला.
आता घरघर नव्हती
आणि माझा आवाज खोलीभर एकटाच उभा राहिला.
बाहेर मिस्टर नोवाकांनी मग खाली ठेवला.

"फटीतून गरम हवा यायची," तो म्हणाला,
अगदी हळू.
काचेच्या भट्टीशेजारी वीस वर्षं काढलेला माणूस,
त्याला हळू बोलता येतं
हे मी विसरले होते.
"कागद बरोबर मापाचा होता."

मग आम्ही जमिनीवरच बसलो,
एसीला पाठ टेकून.
वरून ड्रमचा सराव, तोच तुकडा,
तिसऱ्या ठोक्याला चुकणारा.
ऊन साडेपाचलाच भिंतीवर चढलेलं.
अंगणातले टोमॅटो आता काही लाल व्हायचे नाहीत,
उद्या हिरवेच तोडून
दाण्याचं कूट घालून चटणी करायची,
आणि एक बाटली नोवाकांना.
(मागच्या वर्षीची त्यांनी सॉसेजला लावून खाल्ली.)

मी पेपर वाचत होते.
सातवं गणित बरोबर होतं.
बाईंनी चुकून कापलंय, सरळ दिसतंय.
चार मार्क.
तरी एकोणपन्नासचे त्रेपन्नच.

"त्याला फोन करू या?"
"नको," श्रीरंग म्हणाला. "जेवत असेल."
मग जरा वेळाने, "कर."

खिडकी खाली ओढली.
ती दरवर्षीप्रमाणे शेवटच्या बोटभर जागेत अडली
आणि तिथून वारा येतच राहिला,
थंड, कुणाच्या तरी लाकूड-धुराचा वास असलेला.
मी घडी पुन्हा घातली,
त्याच रेषांवर,
आणि फोन लागेपर्यंत
ती फटीत बोटाने दाबून धरली.