कोरं घर

हिंगणा रोड, दुसरा मजला.
खाली टायर रिमोल्डिंगचं दुकान,
वर आम्ही, आणि शहाण्णव घरांची
तळहाताएवढी प्लास्टिकची पाटी.

नमुना क्रमांक दोनशे एकेचाळीस.
संत्रा बर्फी. डब्यावर छापलंय: शेंगदाणा नाही.
डब्यात सात वड्या. आठवी
वर्धमाननगरातल्या एका मुलानं खाल्ली
आणि ओठ असे सुजले
की डॉक्टरांना नाव सांगता येईना.
(तो वाचला. हे आधीच सांगते,
त्यावर कविता ताणायची नाही मला.)

वाटली, गाळली,
साठ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली.
मग एकेका घरात थेंब.
तळाशी प्रतिपिंडं टपून बसलेली,
भुईमुगाचं प्रथिन तेवढं धरतात.
खवा, साखर, संत्र्याचा गर
पाच धुण्यांत वाहून जातो.
आधी निळं, आम्ल घातलं की पिवळं.

पहिलं घर कोरं ठेवायचं असतं.
त्यात काहीच नसतं.
ते पिवळं झालं.

फिकट, पण पिवळंच.
बफर बदललं, पिपेट बदलली,
मग आठवलं: सकाळी शंकरनगरला तर्री पोहे,
वरून मुद्दाम मागून घेतलेले दाणे,
ओढणीला पुसलेला हात.
ओढणीचं टोक ॲप्रनबाहेर.

दहा लाखांत दोन भाग.
पंचवीस लाखांच्या नागपुरात पाच माणसं,
आणि हे यंत्र त्यांना
दारात जाऊन हाक मारतं.

वहीत लिहिलं: कोरं घर बाद. कारण: मी.

दुसऱ्या दिवशी नुसत्या चहावर आले,
ओढणी घरी ठेवून.
कोरं घर कोरं.
दोनशे एकेचाळीस: चौतीस.

इतवारीतून मोरेश्वर पौनीकरांचा फोन.
"शेंगदाना घरातच नाई जी मॅडम,
बापाच्या टायमापासून नाई.
काहून निघन?"
कालपर्यंत मीही असंच शपथेवर सांगितलं असतं.
म्हटलं, सगळं घेऊन या. सुरीसुद्धा.

त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली.
पिस्ता बर्फीवर भुरभुरायचा हिरवा चुरा,
बाजारातून तयार आणलेला, स्वस्तातला.
शंभरपट पातळ केला तरी
रिडरनं आकडा दिला नाही:
मोजमापाबाहेर.
रंगवलेला शेंगदाणा.
पौनीकरांनी चिमूट चाखून पाह्यली,
मग हळूच म्हणाले,
"सुरी एकच हाय जी.
आधी पिस्ता कापतो, मंग संत्रा.
धुतो ना. पन पुसतोच जास्त."

शनिवारी मुलाची आई रिपोर्ट न्यायला आली.
चौतीसवर बोट ठेवून म्हणाली,
"म्हणजे किती? दाखवा ना."
मी करंगळीचं नख पुढे केलं.
त्यावर काही नव्हतं.
ती बराच वेळ
बघत राहिली.