विलंबाचे कारण

हनोखकाका पेझारकर, निवृत्त गार्ड,
मे महिन्यात पहाटे साडेपाचला
दफनभूमीचं कुलूप काढतात.
नागपूरचं ऊन नंतर कुणाची गय करत नाही.

दगडावर खडू आडवा फिरवला
की हिब्रू उजवीकडून उठते,
मराठी डावीकडून,
आणि मधोमध: सिमहा, वय नऊ.

काका उतरवून घेतात,
गार्डाच्याच जुन्या वहीत.
'विलंबाचे कारण' या रकान्यात
बापाचं नाव, कोकणातलं गाव.

संध्याकाळी प्रार्थनेला दहा हवेत.
आम्ही सात.
काका मोजतात. दाराकडे बघून पुन्हा मोजतात.
मग वही रिकाम्या खुर्चीवर उघडून ठेवतात,
"तिघं यातले धरा,"
आणि मलिद्यासाठी डांगर चिरायला घेतात,
बिया वेगळ्या काढत.